सिलिंडर एक, हवेची उत्तरं तीन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी आहे. वजनाने ६० टक्के ब्यूटेन आणि ४० टक्के प्रोपेन धरायचा. तो पूर्ण जाळायला किती घनमीटर हवा लागेल? तुमचं उत्तर ३९ आलं, गाईडमध्ये १७१ दिलंय आणि सरांनी फळ्यावर १८७ काढून दाखवलं. पुढचा उपप्रश्न: हवा २० टक्के जादा दिली, तर चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन किती टक्के? तुमचं उत्तर ३.३, गाईडचं ३.८. आणि तुम्ही विचारताय की यात खरं कोणाचं.

पहिल्या प्रश्नात गाईड बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत, तुमचं ३९ मात्र चुकलंय. दुसऱ्यात तुम्ही बरोबर आहात, आणि गाईडही बरोबर आहे. तीस वर्षं बर्नर आणि बॉयलरवाल्यांच्यात काढली. तिथली निम्मी भांडणं अशीच असतात. दोघांचे आकडे खरे असतात, पण आकडा कोणत्या अवस्थेतला ते कोणी सांगत नाही.

आता गणित. माझी एकच सवय आहे, तीच तुम्हाला लावून घ्यायला सांगेन: शेवटच्या ओळीपर्यंत मोल सोडायचे नाहीत. मोल म्हणजे मोजलेले नग. घनमीटर म्हणजे ते नग किती पाय पसरून बसलेत ते. तापमान वाढलं, दाब उतरला की नग तेवढेच राहतात, बैठक फक्त ऐसपैस होते.

हायड्रोकार्बनच्या एका रेणूत कार्बनचे क्ष आणि हायड्रोजनचे य अणू असतील, तर त्याला ऑक्सिजनचे क्ष + य/४ रेणू लागतात. प्रोपेनमध्ये ३ आणि ८, म्हणून ५. ब्यूटेनमध्ये ४ आणि १०, म्हणून ६.५.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी
१ ब्यूटेन + ६.५ ऑक्सिजन → ४ कार्बन डायऑक्साइड + ५ पाणी

सिलिंडरमध्ये ब्यूटेन ८.५२ किलो, भागिले रेणुवस्तुमान ५८, म्हणजे १४६.९ मोल. प्रोपेन ५.६८ किलो, भागिले ४४, म्हणजे १२९.१ मोल. एकूण २७६ मोल. इथे जरा थांबा. वजनाने ६०–४० असलेलं मिश्रण मोलने ५३–४७ निघालं. प्रश्नात नुसतं ‘६० टक्के ब्यूटेन’ लिहिलं असेल आणि इंधन द्रवरूपात असेल तर वजन धरा, वायुरूपात असेल तर आकारमान. आणि काय धरलंय ते उत्तरात एका ओळीत लिहून टाका. परीक्षकाला ते आवडतं, निदान मला तरी आवडायचं.

ऑक्सिजन: १४६.९ × ६.५ = ९५४.९, आणि १२९.१ × ५ = ६४५.५. बेरीज १६०० मोल. इथपर्यंत तुम्ही बिनचूक आलात, कारण १६०० × २४.५ लिटर म्हणजे ३९ घनमीटर. पण हा झाला निव्वळ ऑक्सिजन. शेगडीला कोणी ऑक्सिजनचं नळकांडं जोडत नाही. हवेत तो शंभरात २१ असतो. १६०० भागिले ०.२१ म्हणजे ७६२० मोल हवा. उरलेले ६०२० मोल नायट्रोजन ज्वाळेत शिरतात, तापतात आणि जसेच्या तसे बाहेर पडतात. जवळजवळ काही करत नाहीत, फक्त उष्णता पळवतात. समीकरणात ते दिसत नाहीत म्हणून विसरले जातात. तुम्ही एकट्याच नाही, दरवर्षी निम्मा वर्ग विसरतो.

तर उत्तर आहे ७६२० मोल. आता त्याचे घनमीटर करा. ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाब धरला तर मोलमागे २२.४ लिटर, उत्तर १७१. हे गाईडचं. २५ अंश आणि तोच दाब धरला तर २४.५ लिटर, उत्तर १८७. हे सरांचं. १९८२ साली प्रमाण दाबाची व्याख्या १ वातावरणावरून १ बारवर आणली गेली. नवी पुस्तकं त्यामुळे २२.७ लिटर वापरतात, त्याने १७३ येतं. आणि तुमची शेगडी पुण्यात असेल तर? पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. उन्हाळ्यातले ३० अंश धरा. मोलमागे २६.५ लिटर आणि उत्तर २०२ घनमीटर. दहा बाय आठचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर २२.६५ घनमीटरचं भरतं. म्हणजे एक सिलिंडर संपवताना तुमचं घर जवळपास नऊ स्वयंपाकघरं भरून हवा खातं.

कोकणातलं कोणी हे वाचत असेल तर आणखी एक. जुलै महिन्यात ३० अंशांना हवा ओलीचिंब असते, तेव्हा तिच्यात ४ टक्क्यांच्या आसपास पाण्याची वाफच असते. २१ टक्के ऑक्सिजन हा कोरड्या हवेतला आकडा आहे. त्यामुळे ओल्या हवेचं आकारमान त्या प्रमाणात आणखी वाढवावं लागतं. परीक्षेत कोणी विचारत नाही. पंखा निवडताना मात्र हा हिशेब करावा लागतो.

पुढे जाण्याआधी वजनाचा ताळा करून बघू. मी हा प्रत्येक वेळी करतो, दोन मिनिटांचं काम आहे. कार्बन डायऑक्साइड: १४६.९ × ४ + १२९.१ × ३ = ९७५ मोल, म्हणजे ४२.९ किलो. पाणी: १४६.९ × ५ + १२९.१ × ४ = १२५१ मोल, म्हणजे २२.५ किलो. बेरीज ६५.४. आत गेलेलं: इंधन १४.२ आणि ऑक्सिजन १६०० × ३२ ग्रॅम = ५१.२ किलो. बेरीज ६५.४. जमलं. हवेचं एकूण वजन २२० किलोच्या आसपास येतं, म्हणजे किलोमागे साडेपंधरा किलो हवा. हा आकडा पाठ ठेवण्यासारखा आहे.

ते पाणी पुन्हा बघा. १४.२ किलो गॅस जाळून साडेबावीस लिटर पाणी. इंधनापेक्षा जास्त! ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण थंड पाण्याचं पातेलं नुकतंच शेगडीवर चढवलं की त्याच्या बाहेरच्या बुडाला क्षणभर ओल धरते, कधी थेंबही लोंबतात, ते हेच पाणी. पातेलं गळत नसतं.

आणि तुमच्या ३.३ विरुद्ध ३.८ चं उत्तरही याच पाण्यात आहे. २० टक्के जादा हवा दिली, म्हणजे ९१४४ मोल. त्यातला ऑक्सिजन १९२०, खर्च झाला १६००, उरला ३२०. नायट्रोजन ७२२४. कार्बन डायऑक्साइड ९७५. पाणी १२५१. सगळ्यांची बेरीज ९७७० मोल, आणि ३२० भागिले ९७७० म्हणजे ३.३ टक्के. हे तुमचं उत्तर, ओल्या वायूतलं. पाणी वगळलं तर बेरीज ८५१९ राहते आणि उत्तर येतं ३.८. ते गाईडचं, कोरड्या वायूतलं. प्रश्नात ओला की कोरडा ते सांगितलेलं नसेल तर दोष प्रश्नाचा.

हा नुसता पुस्तकी भेद नाही. हातात धरायचा फ्ल्यू गॅस ॲनलायझर, म्हणजे चिमणीतला वायू तपासायचं यंत्र, नमुना ओढून थंड करतो, पाणी सापळ्यात पाडतो आणि मग मोजतो. तो ३.८ दाखवणार. चिमणीतच बसवलेला झिर्कोनियाचा प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजणारी सळई, गरम, ओल्या वायूत मोजतो. तो ३.३ दाखवणार. एकाच चिमणीवर ही दोन उपकरणं लावून ‘तुमचं खराब, आमचं चांगलं’ असा वाद घालणारे लोक मी पाहिलेत. दोन्ही ठणठणीत असतात. वायू एकेक करून द्रावणात शोषून मोजणारं जुन्या काळचं काचेचं ऑरसॅट उपकरणही कोरडंच मोजायचं. त्यात आधी कॉस्टिक पोटॅशने कार्बन डायऑक्साइड शोषायचा आणि मगच पायरोगॅलॉलने ऑक्सिजन. क्रम उलटा केला की अल्कधर्मी पायरोगॅलॉल दोन्ही गिळून टाकतं आणि ऑक्सिजन फुगून दिसतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

आता उलट्या दिशेने. कारखान्यात हवा किती दिली हे सहसा कोणाला माहीत नसतं. ऑक्सिजनचा आकडा हातात असतो आणि त्यावरून जादा हवा काढायची असते. सगळे वापरतात ते सूत्र: कोरड्यातला ऑक्सिजन भागिले (२१ वजा तोच ऑक्सिजन). ३.७६ भागिले १७.२४ म्हणजे २१.८ टक्के. पण आपण तर २० टक्केच दिली होती! वरचे १.८ आले कुठून? सूत्र गृहीत धरतं की जितके मोल हवा आत जाते तितकाच कोरडा वायू बाहेर पडतो. तसं होत नाही. बरोबर मापाने जाळलं तर ७६२० मोल हवा जाते आणि कोरडा वायू येतो ६९९५ मोल, कारण ऑक्सिजनचा एक भाग पाण्यात अडकलेला असतो. ६९९५ भागिले ७६२० म्हणजे ०.९१८. सूत्राच्या उत्तराला याने गुणा, २० टक्के हजर. रोजच्या कामात मी हा गुणक सोडून देतो, खरं सांगायचं तर. पण तो का आहे ते माहीत असावं.

या सूत्रापायी मी एकदा तोंडावर पडलोय, तेही सांगतो. एका कारखान्यात एलपीजीवर चालणारा थर्मिक फ्लुइड हीटर, म्हणजे तेल तापवून फिरवणारी भट्टी, होता. ॲनलायझरवर ऑक्सिजन ७ टक्के. मी मनात आकडा टाकला: ७ भागिले १४, जादा हवा जवळपास ५० टक्के, म्हणजे गॅस फुकट चाललाय. ऑपरेटरला म्हटलं, डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, दाब. त्याने दाबला. ऑक्सिजन ५ वर आला आणि कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत चार आकडी भागांवर गेला. ज्वाळा पिवळी, लांब, आळशी. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय. डॅम्पर पुन्हा उघडायला लावला आणि खाली बसून आधी करायला हवा होता तो हिशेब केला. गॅस मीटरवरून इंधनाचे मोल, पंख्याच्या मापावरून हवेचे मोल. जादा हवा निघाली फक्त २० टक्के. म्हणजे चिमणीत ३.८ दिसायला हवेत, आणि दिसतायत ७. बर्नरने न मागवलेली हवा मधूनच कुठून तरी शिरत होती. चिमणीच्या ओढीमुळे डक्टमध्ये, म्हणजे जळालेला वायू नेणाऱ्या मार्गात, दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे फट असली की वायू बाहेर येत नाही, हवाच आत जाते. गॅसची लाइन तिथून लांब होती म्हणून उदबत्ती पेटवून सांध्या-सांध्यावर फिरवली. मॅनहोलच्या झाकणापाशी धूर सरळ आत ओढला गेला. गॅस्केट वाळून तडकलेली. ज्वाळेला हवा बरोबरच मिळत होती, आणि मी शहाणपणाने तीच तोडायला निघालो होतो.

कमी हवेचं गणित पुस्तकात एका ओळीत उरकतात, म्हणून जरा खोलात जातो. समजा हवा १० टक्के कमी पडली. ऑक्सिजन १६० मोलने तुटला. सोपं चित्र धरू की हायड्रोजन आपला वाटा आधी घेतो आणि टंचाई कार्बनच्या वाट्याला येते. कार्बन डायऑक्साइडऐवजी मोनॉक्साइड झाला की दर मोलला अर्धा मोल ऑक्सिजन वाचतो. १६० वाचवायचे तर ३२० मोल मोनॉक्साइड होणार. कोरडा वायू ६३९३ मोल, म्हणजे मोनॉक्साइड ५ टक्के. खऱ्या ज्वाळेत थोडा हायड्रोजनही उरतो, काजळीही धरते, आकडा हलतो. पण अंदाज घ्या: श्वासाच्या हवेत १ टक्का मोनॉक्साइड असेल तर काही मिनिटांत माणूस जातो.

बंद न्हाणीघरातला गॅस गीझर यासाठीच जीवघेणा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ६२८ किलोज्यूल लागतात. गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मिनिटाला १६ ग्रॅम गॅस, म्हणजे ०.३१ मोल. त्याला ऑक्सिजन १.८ मोल, साधारण ४५ लिटर. पाच बाय सातचं, नऊ फूट उंचीचं न्हाणीघर ८.९ घनमीटरचं. त्यात ऑक्सिजन १८७० लिटर. थंडी म्हणून खिडकी लावली, दाराच्या फटीला टॉवेल खुपसला आणि दहा मिनिटं शॉवर चालवला, की ४५० लिटर खर्च. २१ टक्क्यांवरून १६ वर. तोवर गीझरला मिळणारी हवा ही हवाच राहिलेली नसते. त्याचंच जळालेलं त्याच्याकडे परत येत असतं, आणि वर काढलेला मोनॉक्साइडचा हिशेब सुरू होतो. या वायूला वास नाही, रंग नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवायचा. ज्यांच्या घरी आत आहे त्यांनी हा परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवा.

आता एक फूटपट्टी देतो, तुमचं ३९ तिने लगेच पकडलं असतं. मिथेन, प्रोपेन, ब्यूटेन काहीही जाळा, ऑक्सिजनच्या दर मोलमागे ४०० ते ४१० किलोज्यूल उष्णता मिळते. मिथेन ८०२ भागिले २, प्रोपेन २०४४ भागिले ५, ब्यूटेन २६५८ भागिले ६.५, करून बघा. थॉर्नटन नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९१७ साली दाखवून दिलं. ॲसिटिलीन आणि हायड्रोजन या रांगेत बसत नाहीत, ते जास्त देतात. हवेच्या भाषेत हे मोलला ८५ किलोज्यूल होतं, आणि २५ अंशांना १ युनिट उष्णतेला, म्हणजे विजेच्या बिलावर असतं त्याच युनिटला, जवळपास १ घनमीटर हवा. एलपीजीच्या किलोत ४६ मेगाज्यूल, म्हणजे १२.८ युनिट. १४.२ किलोत १८१ युनिट. हवा १८१ घनमीटरच्या किंचित वर हवी. सरांचं १८७ जवळ बसतं, ३९ कुठेच बसत नाही.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय की पाइप गॅस आल्यावर शेगडीचा जेट का बदलतात. पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एका घनमीटर मिथेनला हवा लागते साडेनऊ घनमीटर, आपल्या एलपीजीच्या वायूला ७६२० भागिले २७६, म्हणजे साडेसत्तावीस. तेवढीच आच हवी तर मिथेनचं आकारमान तिपटीच्या आसपास सोडावं लागतं, म्हणून जेटचं भोक मोठं. एलपीजीचा जेट तसाच ठेवला तर ज्वाळा मिणमिणते. उलट केलं, मोठ्या भोकातून एलपीजी सोडला, तर हवा पुरत नाही, पातेली काळी होतात आणि आपण पुन्हा मोनॉक्साइडच्या परिच्छेदात येतो. आणि पाइप गॅसच्या बिलावरचे एससीएम (स्टँडर्ड क्युबिक मीटर, म्हणजे प्रमाण घनमीटर) घेऊन हेच गणित करणार असाल तर लक्षात ठेवा, ते घनमीटर १५ अंशांचे आणि १ वातावरण दाबाचे असतात. तिथे मोलमागे २२.४ नव्हे, २३.६ लिटर घ्यायचे.